आपली कृती दुसऱ्याच्या गॅसवरही जमावी म्हणून: घरचे पदार्थ लिहून कसे द्यावेत

पुण्यात कुणाकडे जेवायला गेलं आणि अळूच्या भाजीची कृती विचारली, की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "अगं, त्यात काही विशेष नाही. अळू शिजवायचं, घोटायचं, आंबटगोड करायचं आणि वरून खमंग फोडणी द्यायची." सांगणारीने काही लपवलेलं नसतं. तिच्या लेखी कृती एवढीच आहे, बाकीचं हाताला ठाऊक असतं. ऐकणारी घरी जाऊन करते, घसा खवखवतो, पाणी एकीकडे आणि पाला दुसरीकडे होतो. मग "त्यांच्या हातालाच चव आहे बाई" म्हणून विषय मिटतो.

हाताला चव असते हे मला मान्य आहे. पण त्या चवीतला बराच मोठा भाग मोजता येतो, लिहिता येतो आणि दुसऱ्याला देता येतो. त्यासाठी काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. खाण्याची आवड असलेली चार माणसं एकत्र येऊन कृतींची देवाणघेवाण करणार असतील, त्यांना याचा उपयोग होईल. आईकडून किंवा आजीकडून कृती उतरवून घ्यायची असेल, तर जास्तच.

पहिली पायरी: पदार्थ निवडा

सुरुवात पुरणपोळीने करू नका. वर्षातून दोनदा होणारा पदार्थ लिहायला बसलं, की आठवणी जास्त आणि मापं कमी मिळतात. घरात आठवड्याला होणारी आमटी, उसळ, भरली वांगी, थालीपीठ असलं काही घ्या. पाहुणे हमखास ज्याचं नाव काढतात, तो पदार्थ पहिला.

दुसरी पायरी: एकदा काटा ठेवून करा

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा आणा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला केक-चॉकलेटचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. मापाचे कप-चमचे तिथेच घ्या.

आता खरी गंमत. ज्यांच्या हातची कृती घ्यायची आहे त्यांना मोजायला सांगू नका. सांगितलंत की हात अवघडतो आणि पदार्थ बिघडतो. शिवाय संवाद असा होतो:

"काकू, मीठ किती घालू?"

"चवीनुसार."

"पण साधारण?"

"अगं, साधारणच घालायचं!"

त्यापेक्षा मिठाचा डबाच काट्यावर ठेवा. आधीचं वजन लिहा, त्यांना नेहमीसारखं घालू द्या, नंतरचं वजन लिहा. वजाबाकी केली की चिमटीतलं मीठ किती ग्रॅम ते कळतं. तेलाची बरणी, गुळाचा डबा, मसाल्याचा डबा, सगळ्यांना हीच युक्ती. पाणी तांब्याने घालत असतील तर तांब्याचं वजन करा; एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे वेगळं माप लागत नाही. तुम्ही फक्त वही-पेन आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बाजूला उभं राहायचं. कांदा कढईत पडला ती वेळ, परतून झाला ती वेळ, झाकण ठेवलं ती वेळ. "जरा परतायचं" म्हणजे दोन मिनिटं की अकरा, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही; घड्याळ सांगतं.

आणि हाताकडे लक्ष ठेवा. लोक जे सांगत नाहीत ते हात करत असतात. फोडणीत हळद घालण्याआधी गॅस बारीक करणं, आमटीत गूळ घालायच्या आधी डाळ पुन्हा एकदा घोटणं, शेवटी झाकण ठेवून गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच राहू देणं. विचारलं तर उत्तर येईल, "हे काय सांगायचं असतं?" हेच सांगायचं असतं.

तिसरी पायरी: 'एक वाटी' हे माप नाही

प्रत्येक घरात एक मापाची वाटी असते आणि ती त्या घरापुरतीच खरी असते. आमटीची लहान वाटी १०० मिलीच्या आसपास भरते, डाळ-तांदळाच्या डब्यातली २०० मिलीची असू शकते, आणि बाजारातला मापाचा कप २४० किंवा २५० मिलीचा. "दोन वाट्या भाजणी, दीड वाटी पाणी" असं प्रमाणात लिहिलं आणि एकच वाटी वापरली तर निभतं. पण त्याच कृतीत "दोन वाट्या भाजणी आणि दोन चमचे मीठ" असं आलं, की वाटी लहान निघाली तर पदार्थ खारट होणार.

म्हणून आपली वाटी एकदा काट्यावर ठेवून पाण्याने भरा आणि कृतीच्या वर लिहा: "वाटी = १५० मिली" किंवा जी काय असेल ती. चमच्यांचंही तसंच. टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. पोह्याचा चमचा आणि चहाचा चमचा म्हणण्याने कुणाचंच भलं होत नाही, कारण चमचे आता कुठल्याही आकाराचे येतात.

पिठं आणि गूळ शक्यतो वजनानेच द्या. २४० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते, कणीक मात्र १२० ग्रॅमच्या आसपास, आणि तीच दाबून भरली तर बरीच जास्त. चिरलेला गूळ आणि किसलेला गूळ यांची वाटी कधीच सारखी नसते. उलट कोथिंबीर, कढीपत्ता, ओलं खोबरं यांचं वजन देत बसू नका. मूठभर म्हटलेलं चालतं. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे कृती देणाऱ्याने ठरवायचं असतं.

चौथी पायरी: जिन्नसाचं पूर्ण नाव लिहा

"मसाला २ चमचे" हे वाक्य मी दिसलं की खोडतो. कुठला मसाला? गोडा मसाला म्हणजे धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, लवंग-दालचिनी वगैरे असलेला, कांदा-लसूण नसलेला. पुण्यातल्या काही घरांत यालाच काळा मसाला म्हणतात. मराठवाड्यातून आलेल्या मैत्रिणीला काळा मसाला म्हणाल तर ती झणझणीत मसाला घालेल आणि तुमच्या आमटीचं रूपच पालटेल. कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला तर तिसरंच प्रकरण.

लाल तिखटाचं तेच. ब्याडगीचं असेल तर रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, लवंगी मिरचीचं असेल तर अर्धा चमचाही डोळ्यांतून पाणी काढतो. तांदूळ लिहिताना इंद्रायणी, आंबेमोहोर की बासमती ते लिहा, आणि नवा की जुना तेही. जुना तांदूळ पाणी जास्त पितो. इंद्रायणीचा मसालेभात मऊ-चिकट होतो, काहींना तोच आवडतो, पण मोकळ्या भाताची आशा लावून कुणाला इंद्रायणी वापरायला लावू नका. लाडवाला डाळीचं पीठ रवाळ हवं. नेहमीच्या बारीक बेसनाचे लाडू टाळ्याला चिकटतात. तिळाच्या वडीला साधा गूळ की चिकीचा, हे न सांगणं म्हणजे समोरच्याला संक्रांतीच्या आदल्या दिवशी संकटात टाकणं.

पाचवी पायरी: शिट्ट्या मोजू नका, खुणा सांगा

"कुकरच्या तीन शिट्ट्या काढा" हे मराठी पाककृतीतलं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य. काही कुकर दर मिनिटाला शिट्टी देतात, काही पाच मिनिटं नुसते फुसफुसतात. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पटकन होतात, तोवर डाळीला काय झालंय कुणास ठाऊक. "पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून १० मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या" असं लिहिलं की कुठल्याही कुकरला लागू पडतं. इंडक्शन वापरणाऱ्यालाही.

मिनिटं द्याच, पण त्यांच्यासोबत खूण द्या, कारण कढई आणि आच घरोघरी वेगळी. खूण डोळ्यांची, नाकाची, कानाची, हाताची, कसलीही चालते. पुरण झालं की त्यात कलथा उभा राहतो. रवा भाजून झाला की वास सुटतो, दाणा हलका लागतो आणि रंग जेमतेम बदललेला असतो. चकली तळून झाली की तेलातले बुडबुडे शांत होतात. वाटण परतून झालं की कडेने तेल सुटतं. एकतारी पाक अंगठा आणि तर्जनीत धरून उघडल्यावर एक तार येते.

पाकाला थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी १०० नव्हे तर साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळतं. परदेशी कृतीतलं पाकाचं तापमान इथे तसंच्या तसं गाठायला गेलात तर पाक थोडा पुढे जातो. दोन अंश आधीच थांबा.

हवामानाचाही उल्लेख करा. इडलीचं पीठ मे महिन्यात रात्रीतून भांड्याबाहेर येतं, डिसेंबरच्या थंडीत सकाळी बघावं तर जसंच्या तसं. "रात्रभर आंबवा" ऐवजी "दुप्पट होऊन जाळी पडेपर्यंत, उन्हाळ्यात ८ तास, थंडीत १४-१५ तासही लागतात" असं लिहा. मटकीला मोड आणतानाही हाच न्याय.

सहावी पायरी: लिहून काढा, या नमुन्यासारखं

सुरुवातीला "त्यात काही विशेष नाही" म्हणून उडवलेली अळूची पातळ भाजी. लग्नाच्या पंगतीतलं हे फतफतं. वरचे सगळे नियम लावले की ती कागदावर अशी उतरते.

किती जणांना: ५-६, भातासोबत. हाताखालचा वेळ ४० मिनिटं, त्याआधी डाळ-दाणे भिजायला ३-४ तास.

साहित्य: भाजीचं अळू एक जुडी, निवडून साधारण २५० ग्रॅम. आंबट चुका १०० ग्रॅम. हरभरा डाळ ४० ग्रॅम आणि शेंगदाणे ४० ग्रॅम, दोन्ही भिजवून. ओल्या खोबऱ्याचे पातळ काप मूठभर. डाळीचं पीठ २ टेबलस्पून. चिंचेचा दाट कोळ १ टेबलस्पून. गूळ ३० ग्रॅम. गोडा मसाला २ टीस्पून. मीठ दीड टीस्पून. फोडणीला तेल २ टेबलस्पून, मोहरी अर्धा टीस्पून, मेथीदाणे पाव टीस्पून, हिंग, हळद, ३-४ हिरव्या मिरच्यांचे मोठे तुकडे, कढीपत्ता.

अळू आणताना मंडईत स्पष्ट सांगा, भाजीचं हवं. वडीच्या अळूचं पान जाड आणि देठ काळपट असतो, भाजीच्या अळूचा देठ हिरवट. निवडताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ चोळा. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच हात खाजतात आणि घसा खवखवतो. म्हणूनच चुका आणि चिंच इथे फक्त चवीसाठी नाहीत; वगळू नका. देठांची साल सोलून काढा, मग पानं आणि देठ बारीक चिरा.

कुकरमध्ये एका भांड्यात अळू आणि चुका अर्धा कप पाणी घालून, दुसऱ्या भांड्यात डाळ आणि दाणे बुडतील एवढ्या पाण्यात ठेवा. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर १० मिनिटं. डाळ बोटाने दाबली तर चेपली पाहिजे, पण आकार राहिला पाहिजे. अळूचं पाणी बाजूला काढून ठेवा, अळूवर डाळीचं पीठ भुरभुरवा आणि रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटा. पानाचा तुकडा वेगळा दिसेनासा झाला की पुरे. मिक्सर फिरवू नका, बुळबुळीत होतं.

तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की मेथीदाणे. मेथी लालसर झाली की लगेच मिरची, कढीपत्ता, हिंग, हळद. मेथी काळी पडली तर भाजी कडू होते. त्यावर घोटलेलं अळू, काढून ठेवलेलं पाणी आणि वरून अडीच कप गरम पाणी. डाळ, दाणे, खोबरं, चिंच, गूळ, मसाला, मीठ घालून मध्यम आचेवर ८-१० मिनिटं खळखळ उकळा. पळीतून धार पडावी, पण ताटात वाहत जाऊ नये. गार झाली की अजून दाट होते, तेव्हा गॅस बंद करताना थोडी पातळच ठेवा.

काय बदललं तर चालेल: मुळ्याच्या चकत्या किंवा काजू घातले तर उत्तम, हिरव्याऐवजी सुक्या मिरच्या चालतात, चुका मिळाला नाही तर चिंचेचा कोळ दुप्पट. काय बदलू नये: आंबट कमी करू नये, उकळी कमी देऊ नये.

हे शेवटचे दोन मुद्दे प्रत्येक कृतीत असावेत. नाही तर निरोप येतो, "तुझी भाजी केली, चिंचेऐवजी टोमॅटो, गुळाऐवजी साखर आणि अळूऐवजी पालक घातला, पण तुझ्यासारखी नाही झाली." यावर काय बोलणार?

सातवी पायरी: दुसऱ्याकडून करून घ्या

लिहून झालेली कृती अशा माणसाला द्या ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही. जमलं तर त्याच्या घरी जाऊन बसा आणि तोंड बंद ठेवा. हे पुणेकराला कठीण आहे, पण करा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, तिथे कृतीत एक वाक्य कमी आहे. नवशिका कॉलेजचा मुलगा सापडला तर सोन्याहून पिवळं; "फोडणी करा" म्हणजे काय, हे त्याला खरोखरच माहीत नसतं.

आठवी पायरी: चाखायला एकत्र या

कागदापेक्षा जीभ लवकर शिकते. सहा-आठ जण जमा आणि प्रत्येकाने निरनिराळे पदार्थ आणण्याऐवजी एकच पदार्थ आपापल्या घरच्या पद्धतीने आणा. नुसत्या आमट्या, किंवा नुसती भरली वांगी. शेजारी शेजारी चाखल्याशिवाय गुळाचा, खोबऱ्याचा, मसाल्याचा फरक कळत नाही. दिवाळीचं फराळाचं ताट घरोघर फिरतं तेव्हा आपण हेच करतो, फक्त कृती विचारायची राहून जाते.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: शेंगदाणे, तीळ, काजू, दूध, कांदा-लसूण यांपैकी काय काय आहे. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी हिंगही लिहा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. उपासाच्या पदार्थाला नुसतं "उपासाचं" म्हणू नका. एका घरात कोथिंबीर आणि जिरं चालतं, शेजारच्या घरात दोन्ही चालत नाही. साहित्य लिहा, ज्याचं त्याने ठरवावं.

दूध-खव्याचे, ओल्या नारळाचे आणि शिजलेल्या भाताचे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, एप्रिल-मेच्या दुपारी तर तासाभराच्या आत संपवावेत किंवा फ्रिजमध्ये टाकावेत. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली भरून भेट द्यायची टूम निघाली आहे. ती बाहेर ठेवली तर विषबाधेची भीती असते. फ्रिजमध्येच ठेवायची आणि चार दिवसांत संपवायची, हे सांगून द्या.

नववी पायरी: कृती कुणाची, ते लिहा

कृतीच्या खाली एक ओळ पुरते: मूळ कुणाकडची, कुठल्या गावची, आपण काय बदललं. एखाद्या पदार्थाची पद्धत ही कुणाची खासगी मालमत्ता नसते, पण दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आणि काढलेला फोटो ज्याचा त्याचा असतो. पुस्तकाच्या पानाचा फोटो पुढे ढकलला म्हणजे कृती दिली असं होत नाही. करून बघा आणि आपल्या शब्दांत लिहा. जी बाई मसाले-लोणची विकून घर चालवते तिला मात्र प्रमाण विचारू नका. विकत घ्या.

फसलं म्हणून फोन आला तर

येणारच. लगेच "तू तेल कमी घातलं असशील" असं सुरू करू नका. आधी चार प्रश्न: पीठ कुठलं, भांडं कुठलं, आच कशी, आणि कुठल्या टप्प्यावर वेगळं दिसायला लागलं? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. चकलीचं उदाहरण घ्या. सोऱ्यातून पाडतानाच तुकडे पडत असतील तर पीठ कोरडं आहे. थोडं पाणी लावून पुन्हा मळायचं. तेलात टाकल्यावर विरघळत असेल तर मोहन, म्हणजे पीठ भिजवताना घातलेलं तेल, जास्त झालं. थोडी कोरडी भाजणी मिसळून एक चकली तळून बघायची. दगडासारखी कडक झाली तर मोहन कमी पडलं. तळताना कुरकुरीत वाटली पण तासाभरात मऊ पडली, तर आच मोठी होती, बाहेरून रंग आला आणि आत ओल राहिली. मध्यम आचेवर, बुडबुडे थांबेपर्यंत. उत्तर सापडलं की ते त्याच दिवशी आपल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला देताना ती ओळ आधीच तिथे असेल.